सकाळचं पहिलं पाणी

मी तोटी बोलतेय. पितळेची, अर्धा इंची, एका विद्यापीठाच्या विषशास्त्र विभागातली. गेले तीन आठवडे मला बोलल्यावाचून राहवत नाहीये. तू जीव घेतलेस, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, "जा बाई, दुसरं दार बघ." पण आता ते छापील कागदावर आलंय. यंत्राने मोजलेले आकडे आहेत, खाली सही आहे. अजूनही माझा विश्वास बसत नाही, पण न ठेवून जाते कुठे?

मुळात मी तोऱ्याची. भट्टीत वितळले, साच्यात ओतले गेले, कानशीने माझ्या कडा घासल्या आणि शेवटी फिरत्या चाकावर मला अशी चकाकी आणली की घासणारा माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "ही बघ, नवरी." दुकानात मी खिळ्याला टांगलेली असायचे. खाली टोपलीत प्लास्टिकच्या तोट्या ढिगाने पडलेल्या. गिऱ्हाईक त्यांना चिवडायचं, भाव विचारायचं, आणि माझ्याकडे मान वर करून बघायचं. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस प्लंबर आला. विद्यापीठात एक तोटी तुटली होती, प्लास्टिकची. कोणीतरी पिळता पिळता तिची चावीच हातात आली म्हणे. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं, 'प्लास्टिकची तोटी, एक.' पण प्लंबर पडला मनापासून काम करणारा. त्याने मला सोबत घेतलं आणि थेट स्टोअरवाल्यांपुढे धरलं.

"साहेब, प्लास्टिकची म्हणाल तर प्लास्टिकची बसवतो. पण वर्षभरात मलाच बोलवाल. ही घ्या. नातवंडं वापरतील."

"पितळेची?" स्टोअरवाले खूश झाले. "मग तर सोन्याहून पिवळं! बसवा, बसवा."

त्याने मागची प्लास्टिकची नळीसुद्धा काढली, वीत-दीड वीत पितळी नळी लावली, पितळी कोपरा लावला आणि त्यावर मला बसवलं. विभागाचे सर आले. उंच, वाकलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी मला दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं. "वा! आता ठिबकणार नाही," म्हणाले. बेसिनाच्या वर भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कागद होता. पाण्याचा तपासणी अहवाल. पाणी शुद्ध आहे, प्रयोगाला योग्य आहे, असं त्यात लिहिलंय असं सगळे म्हणायचे. त्याची तारीख माझ्या आधीची होती. दर वर्षी सर त्याच्याखाली 'बदल नाही' असं लिहून सही करायचे. बदल त्याच्या हातभर खाली चकाकत होता, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

आता ही जागा कशी ते सांगते. इथे पदवी झालेली मुलं-मुली विष शिकायला येतात. घाबरू नका, कोणाला द्यायला नाही, कोणाला बाधू नये म्हणून. औषध किती झालं की विष होतं, कारखान्याचं पाणी ओढ्यात गेलं तर मासा कधी तडफडतो, असलं सगळं. कपाटात कुलपाआड बाटल्या आहेत, त्यांच्यावर कवट्या चिकटवलेल्या. विष म्हटलं की इथल्या प्रत्येकाची नजर त्या कपाटाकडे जाते. माझ्याकडे बघायचं कारणच काय? मी तर पाणी देते.

आणि ते पाणी ज्यांच्यासाठी, त्या पाणपिसवा. डोळ्यांत तेल घालून बघितलं तरच दिसतील एवढ्या. पेल्यात टुणटुण उड्या मारत पोहतात. भिंगाखाली धरली की आरपार दिसते, आणि आत हृदय धडधडताना दिसतं. इतकं इवलं हृदय! नवी मुलं पहिल्यांदा भिंगातून बघतात तेव्हा हमखास "अरे!" म्हणतात. पाण्यात जरासं काही वावगं असलं तर सगळ्यांत आधी ह्या मरतात. म्हणून तर त्यांना इथे ठेवलंय.

प्रयोगाची रीत साधी. सहा गट. पाच गटांच्या पाण्यात औषध मिसळायचं, चढत्या मात्रेनं. सहाव्या गटात काहीच नाही, नुसतं माझं पाणी. त्याला म्हणतात कंट्रोल. प्रत्येक गटाचे चार पेले, पेल्यात पाच पिसवा, म्हणजे गटात वीस. दोन दिवसांनी मोजायच्या. कंट्रोलमधल्या वीसपैकी दोन मेल्या तर चालतं. तिसरी मेली की सगळा प्रयोग रद्द. कारण साध्या पाण्यातच मरत असतील तर औषधाला बोल कशाच्या तोंडाने लावणार?

आणि सरांचा एक नियम होता. तोंडपाठ करून घ्यायचे. "आधी निर्मळ, मग मळकं." म्हणजे सगळ्यात आधी कंट्रोलचे पेले भरायचे, मग हलक्या मात्रेचे, मग जड मात्रेचे. उलटं केलं तर हाताला लागलेलं विष चुकून साध्या पाण्यात जाईल. नियम एकदम रास्त. मला तर तो फार मानाचा वाटायचा. रोज सकाळी माझं पहिलंवहिलं पाणी कंट्रोलला!

त्या नियमाला जिवापाड जपणारी एक मुलगी आमच्याकडे आली. डॉक्टरेट करायला. सगळे तिला मोजपट्टी म्हणायचे, कारण ती सगळं मोजायची. पेले एका ओळीत, त्यांच्यामधलं अंतरसुद्धा सारखं. वडील शिंपी. रोज अकराच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा, आणि ती तो बेसिनाजवळ उभं राहूनच घ्यायची, म्हणून मला तिच्या घरची सगळी बित्तंबातमी. गुरांना जंतांसाठी जे औषध पाजतात ते शेणातून ओढ्यात उतरलं तर तिथल्या जिवांचं काय होतं, हा तिचा विषय. घरात पहिलीच एवढी शिकलेली. वडिलांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, लेक विषाची डॉक्टर होणार. अर्ध्या गिऱ्हाइकांना त्याचा अर्थ कळला नव्हता म्हणे, पण सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं.

तिच्या शेजारच्या टेबलावर निवांत. हेही टोपणनाव. नावासारखाच. साडेदहाला डुलत यायचा, डोळ्यांवर झोप तशीच, मला पूर्ण उघडायचा आणि गप्पा मारत मारत तोंड धुवायचा. पाच-पाच मिनिटं पाणी धो धो. मोजपट्टी चिडायची.

"अरे, प्रयोगाचं पाणी आहे ते! गाळून गाळून आणलेलं. तोंड धुवायला घरी नळ नाही का?"

"घरी इतकं मऊ पाणी नाही गं. बघ, साबण न लावता चेहरा कसा तुकतुकीत."

आणि गंमत बघा. त्या गबाळ्याचे कंट्रोल नेहमी जिवंत! वीसच्या वीस! आणि मोजपट्टीचे?

पहिल्या वेळी वीसपैकी नऊ मेल्या. ती भिंगावरून मान वर करून माझ्याकडे बघत बसली. म्हणजे मला वाटलं माझ्याकडे, पण तिला काहीच दिसत नव्हतं. औषधाच्या हलक्या मात्रेतल्या सगळ्या ठणठणीत होत्या. नुसत्या पाण्यातल्या मेल्या होत्या.

दुसऱ्या वेळी आठ. तिसऱ्या वेळी पुन्हा नऊ.

सरांना राग आला की ते आवाज खाली आणतात. पूर्ण वर्गासमोर त्यांनी तिची वही उचलली आणि हळू आवाजात म्हणाले, "वा! जगावेगळा शोध लावलाय बाईंनी. विष पाजलं तर जगतात, पाणी पाजलं तर मरतात. कळवू या का सगळ्या जगाला?" दोघं-तिघं हसले. मग वही मिटून म्हणाले, "हात नीट धूत नाहीस तू. दुसरं काही कारण नाही."

हाय रे दैवा! त्या मुलीने हात किती धुतले असतील, विचारू नका. माझ्याच खाली धुवायची, बोटांची सालं निघेपर्यंत. पेले तीनदा धुवायची, नवा साबण आणला, हाताला लावायचं मलम बंद केलं, पिसवांचं खाद्य बदललं. आणि मनाशी ठरवलं, आपल्या आधी खोलीत कोणी यायलाच नको, कोणाचा धक्का नको, वारा नको. म्हणून ती साडेसातला यायला लागली. विभागात सगळ्यांच्या आधी. आली की हात धुवायलाही आता मला उघडायची नाही, घरून आणलेले निर्जंतुक हातमोजे चढवायची, आणि थेट कंट्रोलचे पेले माझ्याखाली धरायची.

चौथ्या वेळी बारा मेल्या.

मी आपली रोज भरभरून पाणी देत होते! मला वाटायचं, बिचारी. कोणाची दृष्ट लागली हिला कोण जाणे.

महिनाअखेरीला समिती बसणार होती. सरांनी तिला सांगून टाकलं, "आणखी एक संधी. या वेळी कंट्रोल उभा राहिला नाही तर मी तुझी नोंदणी पुढे चालवा असं लिहू शकत नाही. मला खोटं लिहिता येत नाही." त्यांचंही बरोबर होतं. तेच तर दुखतं.

ती सरांच्या खोलीतून येऊन बेसिनाला धरून उभी राहिली. निवांत मागून आला. त्याचा स्वभाव वाईट नाही, खरंच सांगते. त्याला तिची दया आली होती.

"ऐक माझं. पुढच्या वेळी मोजायच्या आधी मेलेल्या उचल, बेसिनात टाक, त्यांच्या जागी डब्यातल्या जिवंत सोड. अठरा जिवंत, दोन मेल्या असं लिही. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

"तू काय, तू तर स्वतःचा श्वासही मोजतेस. अगं, तीन वर्षं जातील पाण्यात!"

पाचवा प्रयोग झाला. दोन दिवसांनी तिने मोजल्या. नऊ. खोलीत कोणी नव्हतं. तिने ड्रॉपरमध्ये सात मेलेल्या पिसवा ओढून घेतल्या आणि बेसिनाशी आली. ड्रॉपर माझ्या नाकाखाली. मी श्वास रोखून बघत होते, आणि कबूल करते, मनातून म्हणत होते, टाक बाई, टाक एकदाची, सूट यातून. असंच किती वेळ गेला. मग ती वळली, ज्या पेल्यातून जितक्या घेतल्या होत्या तितक्या मोजून परत सोडल्या आणि वहीत लिहिलं, नऊ.

तेवढ्यात अकराचा फोन. तिने वडिलांना सगळं सांगितलं, एका दमात, रडत. पलीकडे शिलाई यंत्राचा आवाज थांबला.

"म्हणजे दर वेळी तेच चुकतंय?"

"हो बाबा. मीच चुकतेय."

"एक सांगू? विषातलं मला काही कळत नाही. पण माझ्या दुकानात दोन कपडे पाठोपाठ सैल निघाले ना, तर मी कारागिराचा कान धरत नाही. आधी मापाची फीत बघतो. कापडी फीत वापरून वापरून ताणते गं. रोज हातात असते म्हणून कोणाला संशय येत नाही. तुझ्याकडे अशी फीत कोणती?"

फोन तसाच चालू ठेवून तिने वही ओढली. आतापर्यंत सगळे कंट्रोलची बेरीज तेवढी बघत होते. नऊ, आठ, नऊ, बारा, नऊ. तिने आता पेल्यागणिक वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, वडिलांना ऐकू जाईल असं.

"पहिला पेला, पाच मेल्या. दुसरा, तीन. तिसरा, एक. चौथा, शून्य." पान उलटलं. "पहिला, पाच. दुसरा, दोन. तिसरा, एक. चौथा, शून्य." पुन्हा पान. "पहिला, पाच..."

तिने वर बघितलं. या वेळी मात्र अगदी माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती वीस बाटल्या घेऊन आली. माझं पाणी तिने ओळीने भरलं. पहिली बाटली, दुसरी, तिसरी. प्रत्येकीवर आकडा. आणि शेजारच्या खोलीत धातू मोजायचं यंत्र सांभाळणाऱ्या काकांकडे नेऊन दिल्या. मी निर्धास्त होते हो! उलट वाटलं, बरं झालं, एकदा माझ्या पाण्याचं सोनं सगळ्यांना दिसेल.

दुपारी काका स्वतः चालत आले. ते खुर्चीतून सहसा उठत नाहीत. हातात कागदाची पट्टी.

"ही पहिली बाटली कुठल्या खाणीतून आणलीस?"

"का? काय झालं?"

"तांबं आहे त्यात. जस्त आहे, थोडं शिसंही. पिसवांचं राहू दे, याच्यात मासासुद्धा टिकणार नाही. दुसऱ्या बाटलीत निम्मं. सहावीपासून पुढे एकदम स्वच्छ. असं कसं?"

आणि मग मोजपट्टीने माझ्यावर बोट ठेवलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तोटीच्या तोंडचं! हसा हवं तर. त्या वेळी मला मात्र काही सुचत नव्हतं. मी? मी? ते इतकं गाळलेलं, मऊ पाणी रात्रभर माझ्या पोटात, त्या नळीत, त्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि मला चाटत बसायचं. माझंच अंग त्यात उतरायचं. सकाळी पहिल्या धारेला ते बाहेर पडायचं. आणि पहिली धार कोणाला? कंट्रोलला. 'आधी निर्मळ, मग मळकं.' जो नियम पाळेल, जो सगळ्यांत आधी येईल, जो थेंबही वाया घालवणार नाही, त्याच्या पेल्यात मी विष ओतत होते. आणि निवांत पाच मिनिटं तोंड धुऊन माझं सगळं पाप मोरीत सोडून द्यायचा!

"म्हणजे," निवांत डोळे विस्फारून म्हणाला, "माझं तोंड धुणं हा प्रयोगाचा भाग होता?"

कोणी हसलं नाही. फरशी पुसणाऱ्या मावशी दाराशी थांबून ऐकत होत्या. त्यांनी फडकं बादलीत टाकलं. "पितळेत दही ठेवलं की कळकतं. आमच्या आईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तिला ठाऊक होतं. कल्हई केल्याशिवाय ती पितळेत काही ठेवायची नाही. तुम्ही एवढे विषाचे मास्तर, आणि तोटी पितळेची?"

सर तिथेच उभे होते. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि भिंतीवरच्या चौकटीतल्या कागदाची तारीख वाचली. मग खाली आपल्याच सह्या. बदल नाही. बदल नाही. बदल नाही. बदल नाही. मी मोजल्या, चार होत्या.

ते मोजपट्टीकडे वळले. "माझं चुकलं," म्हणाले. सगळ्या वर्गासमोर, आणि या वेळी आवाज खाली न आणता. समितीपुढेही त्यांनी स्वतः उभं राहून हेच सांगितलं. तिची मुदत वाढली. मला काढून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्या जागी नवी तोटी बसली, प्लास्टिकची, टोपलीतल्यासारखी. मोजपट्टीने सहावा प्रयोग लावला. कंट्रोलमध्ये वीसपैकी वीस जिवंत. तिने सरांच्या समोरूनच वडिलांना फोनवर नुसतं "वीस" म्हटलं आणि पलीकडे यंत्र थांबल्याचं मला टेबलावरून ऐकू आलं.

मला वाटलं, संपलं. मला मान खाली घालायला एवढं पुष्कळ होतं.

पण आता एक गोष्ट सांगते, जी मी इतका वेळ लाजेपायी गिळून बसले होते. मोजपट्टीच्या आधी एक जण होता. मी नवी बसले त्याच वर्षी आलेला. तोही सगळ्यांत आधी यायचा, त्याच्याही पिसवा मरायच्या. सरांनी त्याचं नाव गडबड्या ठेवलं होतं. असा शांत, नेटका मुलगा, आणि नाव गडबड्या! दीड वर्ष तो झगडला. शेवटच्या दिवशी सर त्याला म्हणाले होते, "तुझ्या हातात जीव टिकत नाहीत. हे काम तुझं नाही." तो टेबल आवरून निघून गेला. वह्यासुद्धा नेल्या नाहीत.

सरांना तो आठवला त्या चौकटीसमोरच. मी पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी जुनं कपाट उघडलं, धूळ झटकली, त्याच्या वह्या काढल्या. मोजपट्टी शेजारी उभी राहून वाचू लागली. पहिला पेला, पाच. दुसरा, तीन. तिसरा, एक. चौथा, शून्य. पानामागून पान तेच.

"अरे देवा," सर म्हणाले.

काल त्यांनी फोन लावला. नंबर शोधायला तीन आठवडे लागले, की धीर गोळा करायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी त्यांच्या टेबलावर होते, काढलेली, कागदावर ठेवलेली. मोजपट्टी समोर बसली होती. फोन स्पीकरवर होता, तिलाही ऐकू यावं म्हणून.

"सर? बरे आहात ना?" त्याने आधी हेच विचारलं.

"मी बरा आहे. तू ऐक. तुझं चुकलं नव्हतं. कधीच चुकलं नव्हतं. तोटी होती. पितळेची तोटी. रात्रभर उभं राहिलेल्या पाण्यात तांबं उतरायचं."

मग तो म्हणाला, "कुठली? ती बेसिनावरची?"

"हो."

"तिला तर मी रोज पुसायचो सर. जाताना. चकचकीत दिसावी म्हणून."

खरंय. पुसायचा. इतक्या वर्षांत मला पुसणारा तो एकटाच. आणि मी त्याला काय दिलं?

"मला माफ कर," सर म्हणाले. "मी तुला जे बोललो..."

"सर, मी आता कुरिअरच्या ऑफिसात आहे. बरं चाललंय." मग म्हणाला, "मुलगी आहे मला, दीड वर्षांची. ती झाली ना, तेव्हा आठ दिवस मी तिला हातात घेतली नाही. सगळे म्हणाले, घे की, बाप आहेस. बायको रडली. मी म्हणायचो, नको. माझ्या हातात जीव टिकत नाहीत."

सरांनी तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. इतक्या मोठ्या माणसाला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मोजपट्टीने फोन आपल्याकडे ओढला.

"दादा, तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या टेबलावर बसते. तुमच्या सगळ्या वह्या वाचल्यात मी. एकही आकडा खोडलेला नाही. इतके नीट हात मी दुसरे पाहिले नाहीत."

पलीकडून हुंदका आला, की लहान मूल बडबडलं, मला नीट कळलं नाही. मग तो म्हणाला, "रविवारी येऊ का? हिला घेऊन येतो."

तर असं आहे. आता मी सरांच्या टेबलावर पडून आहे. प्लंबर परवा येऊन गेला, मला बघून कपाळावर हात मारून घेतला, "चांगलंच करायला गेलो हो मी," म्हणत राहिला. त्याचा दोष नाही. स्टोअरवाल्यांचा नाही. दोष माझाही नाही, असं मोजपट्टी म्हणते, धातूला काय कळतं. पण मला आता कळतं, त्याचं काय करू?

तुमच्यापैकी कोणी इथे येणार असेल तर माझी एक विनंती सरांच्या कानावर घाला. मला भंगारात द्या. वितळवून दाराची कडी करा, कुलूप करा, वजनाचं माप करा, काहीही करा, पाण्याच्या वाटेवर पुन्हा उभी करू नका. आणि हे रविवारच्या आत करा. तो येईल, सर त्याला मला दाखवतील, तो मला हातात घेईल. तीन आठवड्यांची धूळ बसलीय माझ्यावर. सवयीने त्याने खिशातून रुमाल काढला आणि मला पुसायला लागला, तर?